घाटातला जपान, थांबत थांबत : वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात मी आमच्या ऑक्टोबरमधल्या प्रवासाबद्दल थोडंसं लिहिलं होतं. मात्सुमोतोला भाड्याची छोटी गाडी घेतली, व्हीनस लाइन हा डोंगरावरचा रस्ता केला, मग ताकायामा आणि शेवटी शिराकावा-गो, एकूण पाच दिवस. त्यात मी म्हटलं होतं की डोंगरात दिवसाला १०० किलोमीटरच्या वर जाऊ नका आणि सगळ्यात जास्त पत्रं त्या एका वाक्यावरच आलीत. काहींना पटलं, बऱ्याच जणांना नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको ऑक्टोबरच्या शेवटी जातोय, हातात सहा दिवस आहेत. टोकियोला गाडी घेऊन फुजी, मात्सुमोतो, ताकायामा, शिराकावा-गो, कानाझावा आणि येताना किसोच्या खोऱ्यातून परत टोकियो असं ठरवलंय. मॅपवर दिवसाला चार-पाच तासच दाखवतंय, तेवढं ड्रायव्हिंग तर आपण सहज करतो. मग तुमचा १०० किलोमीटरचा हिशोब जरा जास्तच सावध नाही का?

नाही हो, आणि मी घाबरवायला सांगत नाहीये. मॅप जे चार तास दाखवतो ते कुठेही न थांबता जायचे असतात आणि तिथल्या डोंगरातली सगळी मजा थांबण्यातच आहे. शिवाय दिवस लहान असतो, ऑक्टोबरच्या शेवटी नागानो म्हणजे मात्सुमोतोच्या भागात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, डोंगराआड त्याच्याही आधी जातो आणि दुकानं पण तेव्हाच बंद व्हायला लागतात. आम्ही पहिल्या दिवशी पाच ठिकाणं ठरवली होती, शेवटच्या थांब्यावर पावणेपाचला पोचलो तर आत टोपल्या उचलायचं काम चालू होतं, जेवणाची खिडकी दुपारीच बंद झालेली. पुढचा घाट अंधारात उतरलो आणि त्या घाटातलं काहीही मला आठवत नाही, फक्त समोरचा उजेडाचा पट्टा आठवतो. दुसऱ्या दिवसापासून आम्ही यादी निम्मी केली.

तुमच्या यादीतून मी फुजी आणि कानाझावा काढेन, दोन्ही ट्रेनने छान होतात, त्यांच्यासाठी वेगळे दिवस ठेवा. आणि टोकियोतून गाडी घेऊच नका, शिंजुकूहून 'आझुसा' एक्सप्रेस ट्रेन अडीच-पावणेतीन तासात मात्सुमोतोला सोडते, गाडी तिथे घ्या. शहरातून बाहेर पडायचा अर्धा दिवस वाचतो आणि पहिल्या वळणापासून डोंगरच लागतो.

मग एक अख्खा दिवस व्हीनस लाइनला द्या. चिनो गावापासून उत्सुकुशिगाहारा पठारापर्यंत साधारण ७६ किलोमीटरचा हा रस्ता आहे, पूर्वी टोल होता, २००२ पासून फुकट आहे. मात्सुमोतोहून येताना आधी वर उत्सुकुशिगाहाराला चढा आणि मग उतरत उतरत चिनोकडे जा, आम्हाला हा क्रम आवडला कारण सकाळची हवा वर स्वच्छ असते. वर जवळजवळ २,००० मीटरवर उघड्या माळावर शिल्पांचं म्युझियम आहे, शेकडो शिल्पं, मागे ढग. त्याच इमारतीत एक मिचि-नो-एकि म्हणजे रस्त्यावरचा सरकारमान्य थांबा आहे, देशातला सगळ्यात उंचावरचा. तिथून हवा साफ असेल तर जपानच्या उत्तर आल्प्स डोंगरांची अख्खी रांग दिसते, फुजी पण दिसू शकतो, म्हणजे तुमचा फुजी तिथेच झाला समजा.

तिथून पुढे किरिगामिने. जुलैत हा माळ निक्को-किसुगे नावाच्या पिवळ्या फुलांनी भरतो, पण मला ऑक्टोबरच जास्त आवडला, उंच सुसुकी गवत सगळीकडे सोनेरी झालेलं असतं आणि वारा आला की आख्खा उतार एकदम वाकतो. थोडं उतरलं की लार्चची झाडं पिवळी व्हायला लागलेली, ही सूचीपर्णी असूनही पानं गाळतात, सुया रस्त्यावर पडून कडेला पिवळी रेघ ओढल्यासारखं दिसतं. वाटेत याशिमागाहारा पाणथळ आहे, तिथे गाडी लावा आणि लाकडी फळ्यांच्या वाटेवरून पूर्ण फेरी मारा, दीड तास जातो. ही पाणथळ तयार व्हायला साधारण १२,००० वर्षं लागलीत, म्हणून फळ्यांवरून पाय खाली ठेवायचा नाही, कोणीच ठेवत नाही. मग कुरुमायामा, मग शिराकाबा तळं, तिथे काहीतरी गरम प्या आणि खाली उतरा. ७६ किलोमीटर आणि आम्हाला सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेचार लागले, एक मिनिट वाया गेलं असं वाटलं नाही. फक्त नोव्हेंबरच्या शेवटी वरचा भाग बर्फासाठी बंद होतो तो एप्रिलच्या शेवटीच उघडतो.

दुसरा अख्खा दिवस मात्सुमोतो ते ताकायामा, १५८ नंबरचा रस्ता. अंतर ९० किलोमीटरच्या आसपास आहे, दोन तासात होतं, पण दोन तासात करू नका. धरणांच्या कडेकडेने जुने अरुंद बोगदे आहेत, समोरून टुरिस्ट बस आली की भिंत फारच जवळ आल्यासारखी वाटते, हळू जायचं, घाई कोणालाच नसते. मध्ये कामिकोची या डोंगरातल्या दरीचा फाटा लागतो, तिथे खासगी गाडी वर्षभर बंद आहे, सावांदोला पार्किंगमध्ये गाडी सोडून बसने वर जायचं. काप्पा पुलाखालचं आझुसा नदीचं पाणी इतकं स्वच्छ आहे की खोली कळत नाही. पुढे आबो बोगदा, ४ किलोमीटरहून थोडा मोठा. तो १९९७ मध्ये झाला, त्याआधी हा सगळा ट्रॅफिक वरच्या खिंडीतून वळणं घेत जायचा आणि हिवाळ्यात रस्ताच बंद. बोगद्यातून बाहेर आलात की हिरायु, गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, तिथे पाय शेकून मग ताकायामा.

ताकायामाला दोन रात्री राहा आणि तिथून शिराकावा-गो करून या. हायवेने पाऊण-एक तास, त्यात हिदा बोगदाच पावणेअकरा किलोमीटरचा आहे. तिथल्या ओगिमाची गावातली ती उतरत्या गवती छपरांची घरं १९९५ पासून जागतिक वारशात आहेत आणि लोक त्यात राहतात, म्हणून कोणाच्या अंगणात शिरून फोटो काढू नका, सिगरेट तर अजिबात नको, छपरं सगळी गवताची आहेत. गर्दी नको वाटली तर तसंच पुढे गोकायामाला जा, आइनोकुरा आणि सुगानुमा ही दोन लहान गावं त्याच वारशातली आहेत, आम्हाला तर आइनोकुरात जास्त शांत वाटलं. एक दिवस उरला तर किसोचं खोरं, त्सुमागो ते मागोमे ८ किलोमीटरची जुनी पायवाट, पण ते गाडीत बसून बघायचं ठिकाणच नाहीये, चालायचं आहे.

प्रश्न : मिचि-नो-एकि आणि हायवेवरचे सर्व्हिस एरिया एकच का? रात्री गाडीत तिथेच झोपलं तर हॉटेलचा खर्च वाचेल, चालतं का?

एकच नाहीत. सर्व्हिस एरिया टोलवाल्या एक्स्प्रेसवेवर असतात. मिचि-नो-एकि म्हणजे शब्दशः 'रस्त्याचं स्टेशन', हे साध्या रस्त्यांवर. १९९३ मध्ये १०३ ठिकाणांपासून ही योजना सुरू झाली, आता १,२०० च्या वर आहेत. नियम असा की पार्किंग आणि टॉयलेट २४ तास आणि फुकट, रस्त्याची माहिती मिळायला हवी आणि त्या गावाचं काहीतरी तिथे असायला हवं. ही शेवटची अट मला फार महत्त्वाची वाटते कारण तिच्यामुळेच प्रत्येक थांबा वेगळा झालाय. कुठे पाय बुडवायला गरम पाण्याचा कट्टा, कुठे गावातल्या सोब्याचं (बकव्हीटच्या पिठाच्या शेवया) छोटं हॉटेल, कुठे घराचं म्युझियम. शिराकावा-गोच्या मिचि-नो-एकित तर जुन्या घराचा आतला सांगाडाच उघडा करून दाखवलाय, ती लाकडं दोरांनी कशी बांधतात ते बघून मगच गावात जा, छपराकडे बघायची नजर बदलते.

भाजीचा कोपरा चुकवू नका. शेतकरी सकाळी स्वतः माल आणून ठेवतात, पाकिटावर पिकवणाऱ्याचं नाव असतं, कधी कधी फोटोही. एकाच जातीच्या कांद्यांच्या ढिगांवर चार वेगवेगळी नावं बघितली आणि प्रत्येक ढीग थोडा वेगळा रचलेला. ऑक्टोबरात नागानोची सफरचंदं असतात, 'शिनानो स्वीट' दिसलं तर घ्याच, गोड आणि करकरीत. सकाळी दहाला गेलात तर टोपल्या भरलेल्या असतात, तीनला गेलात तर उरलंसुरलं. काउंटरवर रबरी शिक्का ठेवलेला असतो, मुलांना एक वही द्या, प्रत्येक थांब्याचा शिक्का वेगळा.

झोपायचं म्हणाल तर दमलात म्हणून तास-दोन तास डोळे मिटून पडणं हे अपेक्षितच आहे, त्यासाठीच ती जागा आहे. पण हॉटेल वाचवायला रात्र काढणं, बाहेर खुर्च्या मांडणं, गॅस पेटवणं हे चालत नाही. काही ठिकाणी शेजारी पैसे भरून गाडीत झोपायची वेगळी जागा ठेवलेली असते, ती वापरा. कचरा स्वतःबरोबर न्यायचा, डबे फारसे कुठे नसतात, आम्ही गाडीत एक पिशवी कायमची अडकवली होती.

प्रश्न : आमच्या घरी सगळे शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. डोंगरात, गावात काय खाणार? भाषाही येत नाही.

ताई, हा प्रश्न खरा अवघड आहे आणि मी गोड गोड उत्तर देणार नाही. अडचण मांसाची नाही, ते दिसतं. अडचण दाशीची आहे, म्हणजे बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क, तो सूपमध्ये, सोब्याच्या डिपमध्ये, शिजवलेल्या भाजीतसुद्धा असतो आणि तिथल्या बऱ्याच लोकांच्या हिशोबात त्याने पदार्थ मांसाहारी होत नाही. तुम्ही 'मांस नको' म्हटलं की ते मनापासून हो म्हणतात आणि वाटीत दाशी असतेच.

म्हणून हे वाक्य फोनवर जपानी लिपीत करून ठेवा : 'निकु मो, साकाना मो, कात्सुओ-दाशि मो ताबेरारेमासेन', म्हणजे मांस, मासा आणि बोनिटोचा अर्क, तिन्ही चालत नाही. अंड्यासाठी त्यात 'तामागो मो' घाला. नुसतं दाखवा, बोलायची गरज नाही.

रस्त्यावर चालण्यासारखं बरंच मिळतं. नागानोत ओयाकी, कणकेच्या गोल पारीत सारण भरून भाजलेली किंवा वाफवलेली, लाल भोपळ्याची किंवा गोड अझुकीची (लाल रंगाचं कडधान्य) घ्या, नोझावाना पालेभाजीचीही छान असते पण त्यात कधी दाशी असते, विचारून घ्या. हिदा म्हणजे ताकायामाच्या भागात आणि किसोत गोहेइ-मोचि, भात कुटून काडीवर थापतात आणि अक्रोड, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) किंवा सोया सॉसचं वाटण लावून निखाऱ्यावर भाजतात, वास लांबूनच येतो, पण वाटणात दाशी नाही ना तेवढं विचारा. ताकायामाचे मिताराशि-दांगो गोड नसतात, सोया सॉस लावून भाजलेले तांदळाचे गोळे, काडीला पाच. सोबा खायचा असेल तर डिप बाजूला ठेवून फक्त सोया सॉस किंवा मीठ मागा, ताज्या सोब्याला तेवढं पुरतं, मी खाऊन बघितलंय. शिवाय भाजलेली रताळी, फळं, उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ, ते भरलेला ओनिगिरी म्हणजे भाताचा गोळा, तोफू.

रात्रीच्या जेवणाला मात्र आयत्या वेळी काही होत नाही. पारंपरिक सराईमध्ये जेवण आठ-दहा छोट्या वाट्यांचं असतं आणि ते आधीपासून ठरलेलं, त्यामुळे बुकिंग करतानाच लिहून विचारा आणि हो आल्याशिवाय पैसे भरू नका. एक रात्र नागानो शहरात झेनकोजी देवळाजवळच्या यात्री-निवासात काढता आली तर नक्की काढा, तिथे शोजिन-र्योरी म्हणजे बौद्ध भिक्षूंचं शाकाहारी जेवण मिळतं, माझ्या सासूबाईंनी त्या पूर्ण प्रवासात पहिल्यांदा निर्धास्तपणे तिथे जेवण केलं आणि ते बघून मला जे बरं वाटलं ते कुठल्या डोंगराने वाटलं नव्हतं. दाशी तिथेही एकदा विचाराच.

प्रश्न : लायसन्सचं काय? आणि तिकडचे कुठले नियम आपल्या लोकांना चुकतात?

१९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे काढलेलं आंतरराष्ट्रीय परमिट लागतं, ते निघण्याआधीच काढायचं, सोबत मूळ लायसन्स आणि पासपोर्ट. गाडी डावीकडूनच चालते, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे हात लगेच बसतो आणि तिथेच चूक होते, कारण आपल्याला वाटतं सगळं सारखंच आहे.

लाल उलटा त्रिकोण दिसला की तो 'तोमारे', म्हणजे चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, रस्ता रिकामा असला तरी. रेल्वे फाटक उघडं असलं तरी आधी थांबून मग जायचं. लाल दिव्याला डावीकडे वळायचं नाही. पाटी नसेल तर मधली रेघ असलेल्या साध्या रस्त्यावर वेग ६०, पण डोंगरात बहुतेक ठिकाणी ४० ची पाटी असते, कुठे ३० ची. सहा वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीट सक्तीची आहे, गाडी बुक करतानाच सांगा. आणि दारूचा एक घोटही नाही, चालवणाऱ्याबरोबर शेजारी बसलेल्यालाही शिक्षा होऊ शकते, मुक्कामाला पोचून गाडी लावली की मग काय ते.

उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवू नका, ऑटोमॅटिक गाडीत 'एल', 'एस' किंवा 'बी' असा गिअर असतो, त्यात टाका म्हणजे इंजिनच गाडी धरतं. वळणावर नारिंगी चौकटीतले गोल आरसे असतात, समोरून येणारं त्यात आधी दिसतं. मागे गावातली गाडी लागली तर रुंद जागा बघून बाजूला घ्या, ती पुढे जाऊन दोनदा हॅझर्ड लाइट लावते, ते धन्यवाद असतं. थोडंसं घासलं तरी ११० ला फोन करून पोलिसांना बोलवायचं, त्यांची नोंद नसेल तर इन्शुरन्स मिळत नाही.

प्रश्न : पेट्रोल कुठलं भरायचं?

'रेग्युलर', लाल नोझल. पिवळा हाय-ऑक्टेन, हिरवा डिझेल. एक गोष्ट लक्षात ठेवा, डिझेलला जपानीत 'केइयु' म्हणतात आणि पिवळ्या नंबरप्लेटच्या छोट्या गाडीला 'केइ' कार. केइ कारमध्ये केइयु भरायचं नाही! ती पेट्रोलवर चालते. 'रेग्युरा मानतान' म्हटलं की टाकी फुल. गावातले पंप संध्याकाळी लवकर आणि रविवारी बंद असतात, त्यामुळे अर्धी टाकी झाली की भरायचं.

प्रश्न : मार्च-एप्रिलमध्ये बर्फाच्या भिंतींतून गाडी चालवता येते असं ऐकलंय. तातेयामाला गाडी नेता येईल का?

तातेयामाला नाही, तिथे खासगी गाडी सोडत नाहीत, बस आणि केबलकारनेच जायचं. स्वतःच्या गाडीने करायचं असेल तर शिगा ते कुसात्सु हा २९२ नंबरचा रस्ता, शिबु खिंडीजवळ २,१७२ मीटरवर, जपानच्या राष्ट्रीय महामार्गांवरची सगळ्यात उंच जागा. हा नोव्हेंबरच्या मध्यापासून बंद असतो आणि एप्रिलच्या शेवटी उघडतो, त्यामुळे मार्चमध्ये जमणार नाही. उघडल्यावर पहिले काही दिवस दोन्ही बाजूंना कापलेल्या बर्फाच्या भिंती असतात. पण तेच दिवस सुट्टीच्या गर्दीचे, म्हणून पहाटे निघा. जवळ जिवंत ज्वालामुखी आहे, हालचाल वाढली की काही भाग बंद करतात, निघायच्या सकाळी बघून घ्या. बर्फाचे टायर आहेत का हे गाडी घेतानाच विचारा, रात्री वर रस्ता गोठतो.

प्रश्न : मुलगा कॉलेजात आहे, त्याला जपानचे 'धोकादायक रस्ते' करायचे आहेत. जाऊ द्यावं का?

तो ज्याबद्दल बोलतोय त्याला तिकडे 'कोकुदो' म्हणतात. राष्ट्रीय महामार्गालाही कोकुदोच म्हणतात, पण पहिलं अक्षर बदललं की उच्चार तोच आणि अर्थ 'क्रूर रस्ता'. कागदावर महामार्ग, प्रत्यक्षात एक गाडी जाईल एवढी पट्टी, कठडा नाही. पहिल्या वेळी अजिबात नको. त्याला शिकोकू बेटावरच्या इया खोऱ्यात न्या, दरी तेवढीच खोल आहे, रस्ता बराचसा सुधारलाय आणि वेलींनी विणलेला काझुराबाशि पूल आहे, ४५ मीटर लांब, पाण्यापासून १४ मीटर उंच, दर तीन वर्षांनी नव्याने बांधतात. फळ्यांमधून खालची नदी दिसते. थरार हवा असेल तर तो पुरेसा आहे, आणि पायी आहे.

प्रश्न : रस्त्याच्या कडेला माणूस नसलेली भाजीची दुकानं असतात ती खरी का? पैसे कसे द्यायचे?

खरी आहेत. लाकडी फळी, वर पत्रा, त्यावर मुळे, भोपळे, काकी म्हणजे पर्सिमन फळांच्या पिशव्या आणि शेजारी एक भोक पाडलेला डबा. बहुतेक वस्तू १०० येनच्या. सुटे ठेवा, कारण उरलेले परत द्यायला कोणी नाही आणि कार्ड तिथे कामाचं नाही. आम्ही गाडीत १०० च्या नाण्यांची एक डबी ठेवली होती, रोज सकाळी कॉफीच्या मशीनवर हजार येनची नोट मोडून ती भरायची. त्या मशीनचंही सांगते, लाल पट्टी म्हणजे गरम, निळी म्हणजे थंड. एका ठिकाणी आम्ही दोन काकी घेतल्या, नाणं टाकलं, तर मागच्या शेतातून एक आजी हात हलवत आल्या, आम्हाला वाटलं काही चुकलं. त्यांनी आमच्या पिशवीतलं एक फळ काढून बघितलं, मान हलवली आणि टोपलीतलं दुसरं, जास्त पिकलेलं, हातात ठेवलं. वर बोटाने खूण करून सांगितलं, हे आजच खा.